रोमकरांचं एकमेव भाषण

आमच्या बाबांची नोकरी एका भाषणापायी गेली, आणि भाषण उत्कृष्ट होतं. हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. ज्यांनी ते केलं त्यांच्यावर रागावण्याचं काम मी इतकी वर्षं एकटीने नेमाने करते आहे, त्यात मला कुणाची मदत नको.

ते माझे काका. रक्ताचे नव्हेत, बाबांचे कोर्टातले मित्र. बाबा तळघरातल्या रेकॉर्डरूमचे राखणदार आणि काका वरच्या मजल्यावरच्या मोठ्या कोर्टात स्टेनो. दोघे बरोबरच नोकरीला लागलेले. दुपारी काका जिना उतरून खाली यायचे आणि जुन्या फायलींच्या वासात बसून दोघे जेवायचे. काकांनी लग्न केलं नाही. आईने एकदा विचारलंच, तर म्हणाले, "वहिनी, दिवसभर लोकांची भांडणं लिहून घेतो. घरी आणखी कशाला?" आईने तेव्हापासून तो विषय काढला नाही, पण रविवारचं जेवण त्यांचं आमच्याकडेच असे.

स्टेनोचं काम मी लहानपणी एकदा बघितलं होतं. न्यायाधीशांच्या उंच टेबलाखाली एक बुटकं टेबल, त्यावर टोक काढलेल्या पेन्सिलींची रांग, आणि मान खाली घालून बसलेले काका. वकील बोलायचे, साक्षीदार बोलायचे, काका रेघा आणि ठिपके काढत सुटायचे. "वाचा" असा हुकूम झाला की तेवढ्यापुरतं तोंड उघडायचं, आणि तेही दुसऱ्याचं वाक्य वाचायला. कुणी हुंदके देत सांगितलेलं असो की शिव्या घालत, काकांच्या तोंडून ते बसच्या वेळापत्रकासारखं बाहेर पडायचं. आवाजात रंग भरायचा नाही, हा नोकरीचा नियमच होता. पुढे पुढे त्यांचं स्वतःचं बोलणंही तसंच सपाट होऊन गेलं. भूक लागली, हेसुद्धा ते तिसऱ्याच कुणाची तक्रार असल्यासारखं सांगायचे.

मग ते वरच्या हुद्द्याच्या परीक्षेला बसले. त्यासाठी लघुलिपीचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि त्याच्या प्रस्तावनेत त्यांना ती ओळ सापडली. बोललेलं खुणांनी टिपून घ्यायची विद्या, असं म्हणतात, दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या एका थोर वक्त्याच्या गुलामाने काढली. मालक सभेत बोलायचा, हा खुणांनी टिपायचा. परीक्षा राहिली बाजूला. काका तळघरात धावत आले आणि बाबांना म्हणाले, "अरे, आपल्या धंद्याचा मूळ पुरुष सापडला!" पण त्यांचं मन त्या गुलामावर फार दिवस टिकलं नाही. त्याने काय टिपलं होतं ते बघायला म्हणून गेले आणि मालकाच्या प्रेमात पडले. मला विचाराल तर घोटाळा तिथेच झाला.

आधी भाषांतरं वाचली. मग एक दिवस पुस्तक आपटून म्हणाले, "हे म्हणजे साक्षीदाराचं रडणं मी वाचून दाखवतो, तसलंच आहे. मूळ पाहिजे." शहराच्या दुसऱ्या टोकाला लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहत होत्या. वय झालेलं, कान पार गेलेले. त्या काकांना खोलीच्या एका भिंतीशी उभं करत, स्वतः समोरच्या भिंतीशी बसत आणि म्हणत, "ऐकू येत नाही. मोठ्याने." काका लाजत लाजत ओरडत. "अजून मोठ्याने. पोटातून." पहिल्या महिन्यातच गुलाब या शब्दाच्या सगळ्या विभक्त्या त्या गल्लीतल्या पोरांना पाठ झाल्या आणि शेजाऱ्यांनी भिंतीवर धपाटे घालून पाहिले. बाईंना ते धपाटेही ऐकू येत नव्हते. तिथे, चाळिशी उलटल्यावर, काकांना कळलं की आपल्याला आवाज आहे.

कोर्टात त्यांचं नाव पडलं रोमकर. शिपायापासून वकिलांपर्यंत सगळे म्हणायचे, "काय रोमकर, आज सम्राट कसे आहेत?" काका शांतपणे सांगायचे की तो सम्राट नव्हता, उलट तसल्यांच्या विरोधात बोलला म्हणून मारला गेला. मग समोरचा घड्याळाकडे बघायचा.

ऐकायला आम्ही होतो. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काका पुस्तक उघडायचे, आधी लॅटिन म्हणायचे, मग मराठीत सांगायचे. "बघ हं, सुरुवात कशी करतो. म्हणतो, माझे पाय कापताहेत, एवढी मोठी माणसं बसलेली असताना बोलणारा मी कोण? साफ खोटं! आपल्यासारखा बोलणारा साऱ्या शहरात नाही, हे त्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक. पण ऐकणारा सैल होतो की नाही? मग त्याला बोटाला धरून चालवतो. सावकाश. मुद्दा कुठे आहे ते ऐकणाऱ्याला कळलेलं असतं, पण हा सांगत नाही. आता सांगेल वाटतं, तर आणखी एक वळण घेतो. आणि मग..." इथे टेबलावर थाप पडायची आणि कप उडायचे. आई म्हणायची, "कप फुटला तर तुमचा तो मेलेला वकील भरून देणार आहे का?"

मला लॅटिन आलं नाही. पण चांगलं वाक्य कसं चालतं, कुठे थबकतं, ऐकणाऱ्याला कसं तंगवून ठेवतं, हे मी त्या टेबलाशी शिकले. ते नाकारलं तर खोटेपणा होईल. शाळेतल्या बाईंनी निबंधाचं कौतुक केलं की मी मनातल्या मनात काकांना सलाम ठोकायची.

भाषणांपेक्षा त्या माणसाची पत्रं मला जास्त आवडायची. भाषणात सिंह, पत्रात उंदीर. कुणी नावाजलं नाही म्हणून रुसायचा, मी देश वाचवला हे ज्याला त्याला ऐकवायचा. काका पोट धरून हसायचे, "केवढा फुशारक्या मारणारा माणूस!" मग त्याची लाडकी मुलगी बाळंतपणानंतर गेली, त्या दिवसांतली पत्रं आली. तो कुणाला भेटत नव्हता, सकाळी दाट रानात शिरायचा तो संध्याकाळी बाहेर पडायचा. काकांनी पुस्तक मध्येच मिटलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी त्यांच्यावर जीव टाकत होते, तो असल्या सकाळींमुळे.

आता बाबांची गोष्ट. आईचं ऑपरेशन ठरलं आणि बाबांनी रजा टाकली. जाताना रेकॉर्डरूमची किल्ली अधीक्षकांनी मागून घेतली, तोंडी. "लिहून द्या" म्हणायची बाबांची छाती झाली नाही. आईला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं होतं. बाबा परत आले तेव्हा जमिनीच्या एका जुन्या खटल्यातला मूळ दस्त फायलीतून गायब होता. अधीक्षक म्हणाले, "किल्ली? माझ्याकडे कुणी दिली?" आळ बाबांवर आला, ते निलंबित झाले आणि खात्याची चौकशी लागली. बाबांनी आयुष्यात टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती.

एक माणूस खरं जाणून होता. कोर्टाच्या फाटकावरचा पहारेकरी. बाबा रजेवर असताना एका सुट्टीच्या दिवशी अधीक्षकांना एका परक्या माणसाबरोबर रेकॉर्डरूम उघडताना त्याने पाहिलं होतं. भित्रा माणूस, पण बाबांना मानायचा. म्हणाला, "चौकशीत मला हाक मारली तर खरं सांगेन. आपण होऊन जायची माझी हिंमत नाही." म्हणजे करायचं होतं एवढंच, की चौकशी अधिकाऱ्याला सांगायचं, या माणसाला आत बोलवा. ही मागणी त्याच बैठकीत करायची, नंतर ती चालत नाही, असा नियम होता.

चौकशीत वकील चालत नाही, बाजू मांडायला खात्यातला एक सहकारी सोबत नेता येतो. बाबांनी काकांना विचारलं. काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. सगळी हयात दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलेल्या माणसाला कुणीतरी बोलायला सांगत होतं.

बाबांचं म्हणणं साधं होतं. "दोन पानं लिहून काढ. पहारेकऱ्याला बोलवा, हे वर घाल. एक प्रत देऊ, एकीवर पोच घेऊ."

"कागद दिला की साहेब कागद चाळतात," काका म्हणाले. "ऐकत कोणी नाही. मी बघतो ना रोज. आणि अधीक्षकाला आधी कळलं तर तो पहारेकऱ्याला दम भरेल. नाही, हे समोर उभं राहूनच सांगायचं. आधी तुझी नोकरी डोळ्यांसमोर उभी करायची. मग ते तळघर, मग वहिनींचं ऑपरेशन. ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप आलं पाहिजे की मग किल्ली होती कुणाकडे? तेव्हा म्हणायचं, बाहेर एक माणूस बसलाय, त्याला विचारा. बघ, चौकशी अधिकारी स्वतः उठून दार उघडेल!"

"तरी पण एक कागद..."

"माझ्यावर भरवसा आहे की नाही तुझा?"

बाबांचा होता. माझा तर बाबांहून जास्त होता. काका आमच्या गच्चीवर येरझाऱ्या घालत भाषण पाठ करायचे आणि मी खाली भांडी घासता घासता ऐकायची. आई तेवढी एकदा म्हणाली, "एवढं लांबण कशाला लावायचं? सरळ सांगायचं ना." आम्हा दोघींकडे काकांनी अशा नजरेने पाहिलं, की आईच गप्प बसली.

चौकशीच्या दिवशी मी बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. शेजारी पहारेकरी. त्याने गणवेशाऐवजी इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळ्याचं बटण लावलं होतं आणि ते त्याला काचत होतं. सारखा विचारायचा, "मला कधी बोलावतील?" मी म्हणायची, "शेवटी."

दाराला वर काचेची झडप होती, ती उघडी होती. आतून काकांचा आवाज आला. स्टेनोचा तो सपाट आवाज नव्हताच. पाय कापत असल्याचं सांगून त्यांनी सुरुवात केली, माफी मागितली, आणि मग आवाज हळूहळू चढत गेला. व्हरांड्यातून जाणारे थांबले. शिपाई आले, दोन वकील आले. बाबा रोज सकाळी कपाटांवरची धूळ कशी झटकतात, ओल धरलेल्या फायली उन्हात कशा वाळवतात, मेलेल्या माणसांच्या भांडणांना घरच्या पोरांसारखं कसं जपतात, हे काका सांगत होते आणि एक वकील पुटपुटला, "अरे, हा रोमकर?" मला रडू येत होतं. माझ्या बापाबद्दल इतकं सुंदर कोणी बोललं नव्हतं.

तळघर झालं, ऑपरेशन सुरू झालं. मला सगळं पाठ होतं, त्यामुळे पुढचं वाक्य आधीच ओठांवर येत होतं. आणखी दोन वळणं, की किल्ली.

"झालं?" आतून चौकशी अधिकाऱ्यांचा आवाज आला.

"साहेब, मुख्य मुद्द्याकडेच येतो आहे..."

"आलात की. कर्मचारी प्रामाणिक आहे, असं तुमचं म्हणणं आहे. कळलं आम्हाला. मला दुसरीकडे जायचंय."

या ठिकाणी एक वाक्य पुरलं असतं. पहारेकऱ्याला बोलवा. एवढंच. ते मी त्यांच्या जागी असते तर किंचाळून सांगितलं असतं. काकांनी काय केलं? धागा तुटला म्हणून ते मागच्या वाक्यावर गेले. ऑपरेशनच्या दिवसाचं वाक्य त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, त्याच चढत्या सुरात म्हणायला घेतलं, कारण त्याशिवाय पुढचं वाक्य उभं राहत नव्हतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा घाईने म्हणाले, "साहेब, ती किल्ली..."

"तुमच्या वतीने हे बोलले ना? मग झालं. घ्या लिहून," अधिकारी टायपिस्टला म्हणाले. "कर्मचाऱ्याच्या वतीने सहकाऱ्याने तोंडी बाजू मांडली. कर्मचारी प्रामाणिक असल्याचे सांगितले. साक्षीदार नाहीत. करा सह्या."

दोघांनी सह्या केल्या. बाबांनी भीतीने केली. काकांनी का केली, ते मला दार उघडल्यावर कळलं. बाहेर पडता पडता अधिकारी काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बोलता मात्र छान हो तुम्ही! वकील व्हायचं होतं." आणि काका हसले. घामाने डबडबलेले, लाल झालेले, आणि हसले. व्हरांड्यात कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. पहारेकरी उभा राहून गळ्याचं बटण काढत होता. मला म्हणाला, "ताई, मला बोलावलंच नाही."

बाबा बडतर्फ झाले. अपील केलं, या वेळी बाबांनी स्वतः लिहून, पहारेकऱ्याचं नाव पहिल्या ओळीत घालून. उत्तर आलं की हा मुद्दा चौकशीच्या वेळी मांडलेला दिसत नाही, तो मागाहून सुचलेला आहे, सबब विचारात घेता येत नाही. तोवर पहारेकऱ्याची बदली झाली होती आणि त्याला काही आठवेनासं झालं होतं. त्याला मी दोष देत नाही. त्याने एक दिवस धीर गोळा केला होता, तो वाया गेला.

बाबा आता एका गोदामाच्या गेटवर बसतात. आत येणाऱ्या ट्रकचे नंबर बघतात, हात करून गाड्या मागे घ्यायला लावतात. घसा बसलेला असतो, अंगावर सिमेंटची धूळ. आईने काकांना एकदाच सुनावलं, "आमच्या घराची माती केलीत तुम्ही," आणि दार लावून घेतलं. काका बरीच वर्षं आले नाहीत. बाबा कधी त्यांच्याबद्दल वाईट बोलले नाहीत, आणि त्याचा मला काकांपेक्षाही जास्त राग यायचा.

मागच्या महिन्यात ते आले. निवृत्त झाले आहेत, केस पांढरे झाले आहेत. आई घरी नव्हती म्हणून मी दार उघडलं. काखेत टाइप करून बांधून घेतलेला कागदांचा गठ्ठा होता. मला वाटलं, क्षमा मागायला आले असतील. वाटलं, मागितली तर मी करेन की काय, आणि त्याची मला भीती वाटली.

गठ्ठा म्हणजे भाषण होतं. "त्या दिवशी अर्धंच राहिलं," ते बाबांना म्हणाले. "तोही असंच करायचा. सभेत गोंधळ झाला, बोलणं फसलं, तर घरी जाऊन नीट लिहून काढायचा. आज आपण वाचतो ते हेच लिहिलेलं. मी सगळं लिहिलं बघ. तूच ऐक, तुझंच आहे."

बाबांना कामाला जायचं होतं, तरी ते बसले. काका उभे राहिले आणि वाचू लागले. भाषण पहिल्यापेक्षाही चांगलं झालं होतं. खोटं कशाला बोलू? तळघराचं वर्णन तर असं, की मला त्या फायलींचा वास आला. आणि या वेळी कुणी अडवलं नाही. वळणं झाली, आवाज चढला, अगदी शेवटी किल्ली आली, बाहेर बाकावर बसलेला माणूस आला, आणि काकांची थाप टेबलावर पडली.

बाबांनी डोळे मिटले होते, ते उघडले. "छान आहे," ते म्हणाले. "एक विचारू? पहारेकऱ्याला बोलवा, हे पहिल्याच वाक्यात का नाही म्हणालास? तेव्हाही नाही आणि आताही नाही."

काकांनी चष्मा काढला. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

"पहिल्याच वाक्यात?" ते म्हणाले. "अरे, मग त्यांनी त्यालाच आत घेतलं असतं. माझं कोणी ऐकलं असतं?"

बाबांनी तळहात हलवला, गेटवर ट्रकवाल्यांना मागे जा म्हणून हलवतात तसा, आणि कामावरचा शर्ट घालायला आत गेले.